देवाला पत्ता सांगून

अहो, गेल्या शनिवारी तुमच्या लेकीनं तुम्हाला पोळ्यांच्या डब्यात भरलं, डबा पाठीवरच्या सॅकमध्ये टाकला आणि ती बर्फात निघाली. आणि मी, निघालेल्या माणसाला जन्मात कधी 'कुठे' म्हणून न विचारलेली बाई, दारात आडवी उभी राहिले आणि म्हणाले, "कुठे?"

तुम्ही असतात तर चष्मा काढून पुसला असतात. हसू आलं की तुम्ही चष्मा पुसायचात. मला ते कळत नाही असं तुम्हाला इतकी वर्षं वाटत होतं, ते आता सांगून टाकते.

तुम्हाला जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. फिरायला जायचं म्हणून बुटाची नाडी बांधायला खाली वाकलात आणि परत वर आलाच नाहीत. मी तुमच्याकडे पाठ करून चहा गाळत होते. "साखर घालू की तुमचं ते पथ्य चालू आहे?" असं दोनदा विचारलं. उत्तर नाही म्हटल्यावर चिडून दोन चमचे घातली. मग वळले. तीस हिवाळे जो माणूस डोंगरात जाऊन धडधाकट परत आला, तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर, एका बुटाची नाडी बांधलेली आणि एकाची सुटी, असा गेला. याचा मला इतका राग आहे की रडायला मध्ये जागाच मिळत नाही.

आधी त्या 'कुठे'चं सांगते, कारण हे वाचणाऱ्या तरुण पोरांना ते ठाऊक नसणार. आमच्याकडे निघालेल्या माणसाला 'कुठे निघालास' म्हणून विचारायचं नाही. विचारलं की काम बिघडतं, माणूस अडकतो. फार तर 'लांब का?' म्हणायचं आणि गप्प बसायचं. माझ्या आईनं हे मला वाईत शिकवलं आणि बावीस वर्षांची मी ते दोन ट्रंका, लोणच्याची बरणी आणि लोकरीच्या मोज्यांवर घालायच्या चपला यांच्याबरोबर इथे वॉशिंग्टन राज्यात घेऊन आले. काय ध्यान होतं ते! बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा, एवढीच माहिती. पहिल्यांदा अंगणात बर्फ पडला तेव्हा पातेलं भरून आत आणला आणि उकळायला ठेवला, का तर आकाशातनं आलेलं पाणी शुद्ध असतं. तळाशी पाइनच्या सुया आणि कुणाच्या तरी कुत्र्याचे केस निघाले. तुम्ही त्याचा चहा प्यायलात. नवीन लग्न झालं होतं.

तुम्ही इंजिनियर, पण पूल आणि इमारतींचे नव्हे. मातीचे. रस्त्याच्या कडेचा डोंगर रस्त्यावर येऊ नये एवढंच तुमचं काम. लहानपणी पसरणीच्या घाटात दरडी कोसळलेल्या तुम्ही पाहिल्या होत्या. "डोंगर उतरायच्या आधी सांगत असतो गं, ऐकायला कुणी थांबत नाही," असं म्हणायचात. मग ऑफिसातल्या एका नॉर्वेजियन माणसानं तुम्हाला स्कीवर उभं केलं. दिवसभर आपटलात, कमरेला शेक घेतलात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या स्की घेऊन आलात. त्याही कसल्या, तर पाळण्यात बसून वर जायचं आणि लोकांच्या गर्दीत घसरत खाली यायचं, तसल्या नाही. स्कीच्या तळाला कातडीसारख्या पट्ट्या चिकटवायच्या, आपल्या पायांनी डोंगर चढायचा, जिथे ना पाळणा ना माणूस, आणि मग उतरायचं. तिथला बर्फ कुणी तपासलेला नसतो. तो पडेल की थांबेल हे ज्याचं त्यानं बघायचं. बातम्यांत त्याला हिमस्खलन म्हणतात. आपल्या घरात त्याला दरडच म्हणायचो.

पहिल्यांदा निघालात तेव्हा दारात उभं राहून तुम्ही मला नीट सांगायला लागलात, अमक्या खिंडीतून, तमक्या ओढ्याच्या कडेनं, अंधार पडायच्या आत परत. मी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि "सांगू नका, सांगू नका" करत आत पळाले.

"अगं, दरडीखाली सापडलो तर शोधायला माणसं कुठे पाठवशील? देवाला विचारणार आहेस का?"

"हो, देवालाच विचारीन!"

मग त्या चिखलाच्या बुटांनिशी स्वयंपाकघरात आलात, फडताळातल्या माझ्या छोट्या देवांसमोर हात जोडलेत आणि मोठ्या आवाजात गणपतीला सांगायला लागलात. कुठली खिंड, कुठली उत्तरेची बाजू, गाडी कुठे लावणार, बरोबर कोण, किती वाजता परत, आणि परत नाही आलो तर कुणाला फोन करायचा. कधी देवाला नमस्कार न करणारा माणूस! मी भांडी घासत होते. देव ऐकत होते. मी फक्त तिथे होते.

मग तीस हिवाळे हेच चाललं. नीलू लहानपणी मैत्रिणींना सांगायची, माय डॅड इज व्हेरी रिलिजस.

आणि तरुणपणीच्या त्या शहाणीची दुसरी करामत. एकदा तुम्ही जाऊ नये म्हणून मी तुमचा एक बूट तांदळाच्या पिंपात पुरून ठेवला. एकच, कारण दोन्ही मावेनात. तुम्ही घर शोधलंत, गॅरेज शोधलं, कुणाचे तरी सैल बूट मागून घेतलेत आणि गेलात. पायाला फोड घेऊन आलात. बूट सापडला तो महिन्याभरानं, पाहुण्यांसमोर, भात टाकायला मी पिंपात हात घातला तेव्हा. तुम्ही चष्मा पुसलात. पुढे कधीही तुमचं काही हरवलं, किल्ली, पाकीट, पासपोर्ट, की तुम्ही आधी विचारायचात, "पिंपात बघू का?"

त्याच आठवड्यात तुम्ही मला बर्फ शिकवलात. मला वाटतं तो तुमचा सूड होता. मी पोळ्या लाटत होते. तुम्ही ताजी पोळी उचलून पोळपाटावर पसरलीत आणि पोळपाट तिरपा केलात. पोळी जागची हलली नाही. मग पोळी उचललीत, पोळपाटावर मूठभर साबुदाणा पसरलात, वर तीच पोळी ठेवलीत, आणि पुन्हा तेवढाच तिरपा केलात. पोळी सबंधच्या सबंध घसरून जमिनीवर.

"बघ. वरून दोन्ही वेळा पोळीच दिसते."

तेवढंच बोललात. मग समजावलंत की स्वच्छ थंडीच्या दिवसांत बर्फाच्या पाठीवर दवाचे पिसांसारखे कण धरतात, फार सुंदर दिसतात, आणि त्यांच्यावर नवा जड बर्फ पडला की ते आत दडतात. बघायचं तर खड्डा खणायचा. खड्ड्याच्या भिंतीत थर दिसतात. हाताला कुठला घट्ट लागतो, कुठला भुसभुशीत, ते चाचपायचं. ती पोळी साबुदाण्यासकट तुम्हीच खाल्लीत, कारण मी टाकू दिली नाही. तेव्हापासून आपल्या घरात बर्फाला दोनच जाती राहिल्या, साबुदाणा असलेला आणि नसलेला.

रोज सकाळी फोनवरची ती टेप ऐकायचं काम माझ्याकडे आलं. नंबर फिरवायचा की एक सर्दी झालेला माणूस डोंगरातली खबर सांगतो. वारा कुठून, किती बर्फ पडला, कुठल्या बाजूच्या उतारांवर दरडीचा धोका किती. माझं निम्मं इंग्रजी त्या सर्दीवाल्याकडून आलंय. दुकानातल्या मुलीला मी एकदा म्हणाले की तुमचे टोमॅटो अनस्टेबल आहेत.

आता झोळीचं.

दोन शिखरांच्या मध्ये टांगलेला तो उतार, बाळाच्या झोळीसारखा मधे खाली आलेला, पायथ्याशी तळं. नकाशात त्याला काय म्हणतात कोण जाणे. तुम्ही झोळी म्हणायचात. दर हिवाळ्यात तुम्ही तिच्या काठाशी जायचात, झाडं संपतात तिथे खड्डा खणायचात, आणि परत यायचात. वारा नेमका पलीकडून येऊन सगळा बर्फ त्या बाजूला आणून टाकतो म्हणायचात. एकदाही उतरला नाहीत. मी विचारायचे, "झाली का झोळी?" तुम्ही म्हणायचात, "बघून आलो." मी म्हणायचे, "एवढं पेट्रोल जाळून बघून आलात? फोटो आणला असतात तर मीही इथे बसून बघितली असती." सगळे हसायचे. तुम्हीही.

नीलू एकोणीस वर्षांची असताना तुम्ही तिला तिथे घेऊन गेलात. तुमच्यासारखीच काटक पोर, पण तुमच्यासारखी थांबणारी नाही. तुम्ही काठाशी खड्डा खणलात, चाचपलंत आणि "नाही" म्हणालात. तुम्ही दोघं पट्ट्या काढून परत फिरताय तोच मागून कॉलेजची तीन पोरं आली, हाय म्हणाली, आणि झोळीतून ओरडत, आरोळ्या ठोकत तळ्यापर्यंत गेली. काहीही झालं नाही. बर्फाचं एक ढेकूळसुद्धा हललं नाही.

घरी आल्यावर नीलू माझ्यासमोर फुटली. "ही इज स्केअर्ड ऑफ एव्हरीथिंग, आई! फ्रीवेवर पंचेचाळीसनं ड्राइव्ह करतो! लोक मागून हॉर्न मारतात!"

तुम्ही पिठलं वाढून घेत म्हणालात, "हो. घाबरतो मी."

मला तुमची बाजू घ्यायची होती, पण ते पंचेचाळीसचं इतकं खरं होतं की मी फसकन हसले. ती रुसून खोलीत गेल्यावर मी तुम्हाला हळूच विचारलं, "पण खरंच पडली असती का हो दरड?"

"माहीत नाही."

"पडलीच असती म्हणा की!"

"कसं म्हणू? आम्ही परत आलो. न गेलेल्या वाटेचं काय सांगणार?"

तुम्ही एवढं एक खोटं बोलला असतात तर लेक परत तुमच्याबरोबर गेली असती. ती मग स्टीव्हबरोबर जायला लागली, त्याच्याशी लग्न केलं, मीरा झाली, मीरा चार वर्षांची झाली, तरी तुम्हा बापलेकींचा तो वाद तसाच. दिवाळीला जेवताना ती म्हणायची, "बाबा, झोळी या वर्षी?" तुम्ही म्हणायचात, "बघू या." तिचा चेहरा बंद व्हायचा. मला दोघांच्या मध्ये भाजी वाढत बसावं लागायचं. आणि खरं सांगू? मलाही कळेना. तुम्ही शहाणे होतात की नुसतेच भित्रे, हे मला आजही सांगता येणार नाही. तुमच्याबरोबर एवढा संसार केला आणि एवढं साधं कळलं नाही.

कारण एका गोष्टीत तुम्ही घाबरला नाहीत, आणि तिथेच घाबरायला हवं होतं. ऑक्टोबरपासून जिना चढताना मधे थांबायला लागला होतात. डावा हात चोळायचात. मी म्हणायचे, डॉक्टरकडे चला. तुम्ही म्हणायचात, अॅसिडिटी आहे, तुझ्या मिरचीच्या लोणच्याची. डोंगर आधी सांगत असतो म्हणे! दुसऱ्याच्या डोंगराचं ऐकत होतात तेवढं. स्वतःच्या छातीत एक खड्डा खणून बघितला असतात तर काय बिघडलं असतं? बूट लपवता येतो. हात चोळणाऱ्या नवऱ्याला कुठल्या पिंपात घालायचं होतं मी?

असो. तुम्ही गेलात आणि वाईहून कुसुमवन्संचे फोन सुरू झाले. पहिल्या फोनला त्या खूप रडल्या. दुसऱ्यापासून व्यवस्थापनाला लागल्या. "वहिनी, अस्थी दहाव्याच्या आत गेल्या पाहिजेत हं. नाहीतर दादाचा जीव घुटमळत राहील." मी ते दामलेकाकांना सांगितलं. आठवडाभर विमानांच्या कारखान्यात नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी पौरोहित्य करणारे आपले काका म्हणाले, "बरोबर आहे, पण वाहतं पाणी कुठलंही चालेल." मी ते नीलूला सांगितलं, आणि दिवसातून चार वेळा सांगितलं. दहाव्याच्या आत, दहाव्याच्या आत. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. हातात धरायला एवढंच होतं.

एका संध्याकाळी नीलू म्हणाली, "आई, मी बाबांना झोळीत नेते. तिथलं बर्फ वितळून तळ्यात जातं, तळ्यातून नदीत. इट्स रनिंग वॉटर. दामलेकाकांना चालेल. ही नेव्हर गॉट टु गो. नॉट वन्स."

मला ते इतकं छान वाटलं! रडले मी. म्हणाले, जा गं बाई, ने त्यांना. अशी मी. पन्नाशी कधीच उलटली, नातीची आजी झाले, पण बर्फ उकळणारी ती बावळट मुलगी आतच बसलेली आहे.

त्या आठवड्यात कशी हवा होती ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगते. स्वच्छ, निळी, कडकडीत थंडी. अंगणातलं गवत सकाळी काचेसारखं. समाचाराला येणारे सगळे म्हणत होते, किती सुंदर दिवस आहेत. मग गुरुवारी वारा फिरला, थोडं गरम झालं आणि वर डोंगरात बर्फ पडायला लागला, जड, ओला, शुक्रवारीही दिवसभर. शनिवारी सकाळी सवयीनं मी नंबर फिरवला. सर्दीवाला म्हणाला, झाडांच्या वरच्या भागात, वाऱ्याच्या आडोशाच्या उतारांवर, धोका खूप. मी फोन ठेवला आणि मला तो पोळपाट दिसला. थंडीची पिसं. वर जड पोळी.

दहावा रविवारी होता.

गॅरेजमध्ये नीलूचे बूट जोडीनं ठेवलेले होते. खोटं कशाला सांगू, एक उचलला. पिंपापर्यंत नेला. झाकणही उघडलं. मग तुमचे ते पायाचे फोड आठवले. लपवला तर ती दुसरे घालून जाईल, आणि वर माझ्यावर चिडून जाईल, आणि चिडलेलं माणूस नीट बघत नाही. बूट जागेवर ठेवला. त्यात तीन-चार तांदूळ गेले असतील, ते काढले नाहीत.

ती निघाली तेव्हा मी म्हणाले, "नीलू, दहावा-बिहावा राहू दे. टेप वाईट आहे."

"आय नो. मीपण ऐकली. वी विल गो अँड लुक."

"वन्संना मी सांगते काय ते."

"आठवडाभर तूच म्हणत होतीस ना, दहाव्याच्या आत!"

"म्हणत होते. माझं काय ऐकतेस तू? कधी ऐकलंयस?"

ती हसली नाही. डब्याची कडी घट्ट लावली. तुमचाच डबा, पोळी-भाजी न्यायचात तो. "आई, सगळं आयुष्य त्यांनी काठावर उभं राहून नुसतं बघितलं. मला त्यांना आत न्यायचंय."

आणि तेव्हा मी दारात आडवी झाले. "कुठे?"

ती चमकली. तिलाही ठाऊक आहे की मी विचारत नाही. स्टीव्ह गाडीपाशी थांबला. मीरानं माझा पदर धरला.

"झोळीत. आय टोल्ड यू."

"असं नाही. सगळं सांग. कुठून चढणार, कुठल्या बाजूनं, गाडी कुठे, काठाशी थांबून काय बघणार, आणि काय दिसलं तर परत येणार. ते सांगितल्याशिवाय मी दारातून हलत नाही."

नीलूनं माझ्याकडे बघितलं. मग बूट न काढता स्वयंपाकघरात गेली, फडताळासमोर उभी राहिली आणि गणपतीला इंग्रजीत सगळं सांगायला लागली. खिंड, ओढा, झाडांची शेवटची रांग. झाडं संपतात तिथे खड्डा. भुसभुशीत थर निघाला तर परत. अंधाराच्या आत आलो नाही तर शेरीफला फोन. मीरा मला विचारत होती, "हू इज शी टॉकिंग टू?"

मग तो दिवस. मी पिठलं-भात केला. मीरानं खाल्ला, मी नाही. आम्ही पत्ते खेळलो, ती लबाडी करत होती, मी करू दिली, मग मीही केली. खिडकीतून डोंगर दिसत नव्हते, नुसते ढग. मी देवासमोर जाऊन नीलूनं सांगितलेली वाट पुन्हा पुन्हा म्हणत होते, विसरू नये म्हणून. तेव्हा मला कळलं की तुम्ही एवढ्या मोठ्यानं का सांगायचात. तीस हिवाळे मी अशीच खिडकीशी असायचे, पण निदान कुठे बघायचं ते मला ठाऊक असायचं. तेवढा आधार तुम्ही मला ठेवून जायचात, आणि मी समजत होते की तुम्ही देवाची थट्टा करताय.

उजेड उतरायला लागला. मी शेरीफचा नंबर फोनशेजारी ठेवला. मीराला दिवा लावायला सांगितलं. ती शुभंकरोती म्हणत होती, अर्धं मराठी, अर्धं तिच्या मनचं, तेवढ्यात गाडीचे दिवे ड्राइव्हवेवर आले.

नीलू आत आली. चेहरा वाऱ्यानं लाल. सॅक खाली ठेवली, डबा काढला, ओट्यावर ठेवला. कडी तशीच लावलेली. मी डबा उचलून बघितला. जड होता. तुम्ही आत होतात.

"साबुदाणा आहे, आई," ती म्हणाली. तिला मराठीत दुसरं काही आठवत नव्हतं.

मग बसल्यावर सांगितलं. ओढ्याकाठच्या सपाटीवर पायाखाली सगळा बर्फ एकदम धप्प करून बसला. स्टीव्ह म्हणाला, आत भुसभुशीत थर आहे, परत जाऊ. ती म्हणाली, काठापर्यंत तरी. झाडं संपतात तिथे तिनं खड्डा खणला. बर्फाचा खांब कापून सुटा केला, वर फावडं आडवं ठेवलं, हातानं हळूच थापटलं, तर वरचा सगळा ठोकळा सरकून तिच्या मांडीवर आला. खाली पिसं. चकाकत होती म्हणाली. शी सेड, दे वर ब्यूटिफुल. हे बघा, मीही इंग्रजीत शिरले.

"मग?"

"मग काय. वी टर्न्ड अराउंड. बट देअर वर ट्रॅक्स, आई. दोन. आमच्या आधी कुणीतरी सकाळी गेलं होतं. मधोमध. तळ्यापर्यंत. मस्त, सुंदर वळणं. नथिंग हॅपन्ड टु देम."

आणि ती रडायला लागली, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. "मी त्यांना काठापर्यंत नेलं आणि परत आणलं. त्यांनी मला केलं तसंच. अँड आय डोंट नो. आय डोंट नो इफ इट वुड हॅव गॉन."

"त्यांनाही माहीत नव्हतं गं," मी म्हणाले. "मी विचारलं होतं."

तिनं वर बघितलं. "बाबा म्हणाले? दॅट ही डिडंट नो?"

"हो. पिठलं खाता खाता."

ती तशीच बसून राहिली, मांडीवर मीरा. मग मी तिला ते म्हणाले, जे तुम्ही दर वेळी दारात उभे राहिलात की माझ्या घशाशी यायचं, आणि त्याच्या जागी मी पेट्रोलचा हिशोब सांगायचे.

"बरं झालं परत आलीस."

अहो, ते इतकं सोपं वाक्य आहे. मी तुम्हाला एकदाही म्हणाले नाही. तुम्ही ते ओळखून होतात की नाही, हे मला आता कुणीच सांगणार नाही. चष्मा पुसायचात खरे. पण चष्म्याला घामही येतो.

दुसऱ्या दिवशी दहाव्याला वन्संचा फोन. "झालं का विसर्जन?"

"नाही. वाट बंद आहे."

"कधी उघडणार?"

"जूनमध्ये. बर्फ गेल्यावर."

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे अमेरिकेत दहावा जूनमध्ये असतो का, वहिनी?" मग त्या हसल्या, मग रडल्या, मग म्हणाल्या, "दादा लहानपणीही विहिरीच्या काठावर बसून राहायचा. उडी मारायचाच नाही." मला हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत.

तेरावा झाला, माणसं गेली. तुम्ही गॅरेजमध्ये आहात, स्कीच्या शेजारी फळीवर, त्याच डब्यात. देवाजवळ ठेवणार होते, पण दामलेकाका म्हणाले तसं ठेवत नाहीत. जूनमध्ये वाट मोकळी झाली की आम्ही तुम्हाला घेऊन झोळीत चालत जाऊ. मीसुद्धा. नीलू म्हणते तेव्हा तिथे निळी फुलं असतात. इतकी वर्षं मी त्या झोळीवर एवढे विनोद केले, तिचं तोंड तरी बघायला हवं. तोवर थांबा. तुम्हाला सवय आहे.

आज सकाळीही नंबर फिरवला. हात सवयीनं गेला आणि मी त्याला अडवलं नाही. मग गॅरेजमध्ये आले, चपला घालून, खाली मोजे, आणि तुमच्यासमोर उभी राहून मोठ्यानं सांगितलं. सर्दीवाल्याची सर्दी तशीच आहे. वारा पश्चिमेचा. काल वर दोन ठिकाणी दरडी आपोआप कोसळल्या, कुठे ते त्यानं सांगितलं नाही. उत्तरेच्या उतारांवर जुना थर अजून आत आहे, त्यापासून लांब राहा म्हणाला.

नीलू आज कामावर आहे. सहाला येईल. ती कुठे आहे ते मी तिला विचारून ठेवलंय.